गाळलेली ओळ

१

आमची कंपनी लिफ्टची दुरुस्ती करते. मी करत नाही. मला लिफ्टच्या खड्ड्यात नुसतं डोकवायला लावलं तरी मी दोन पावलं मागे सरते. दुरुस्ती करतो माझा दादा आणि त्याच्यासारखे बरेच मेकॅनिक. मी दुसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसते आणि त्यांच्या बोलण्यात शोधाशोध करते.

बोलणं म्हणजे खरंच बोलणं. हात ग्रीसने भरलेले असताना कोण लिहिणार? म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात काडेपेटीएवढा रेकॉर्डर असतो आणि माणूस काम करता करता त्याच्याशी बोलत राहतो. आता वर चढलो, ब्रेकचं अस्तर झिजलंय, हा नट कुठल्या शहाण्याने एवढा आवळलाय, वगैरे. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली होते तिथे, रेंज नसते. माणूस बाहेर पडला की ते सगळं आपोआप ऑफिसात येतं, त्याचं लिखाण होतं आणि साठ्यात जाऊन बसतं. त्याला आम्ही 'बोल' म्हणतो. असे हजारो बोल साठलेत आणि त्यांत कामाच्या माहितीइतक्याच शिव्या आहेत.

प्रत्येक बोलाचा शेवट मात्र एकच. शाफ्टमधून बाहेर पडलेला माणूस आधी कंट्रोलला फोन लावतो आणि म्हणतो, "बाहेर आलो." कंट्रोलच्या ताई म्हणतात, "ऐकलं." मगच त्या लिफ्टचं कुलूप काढतात. हे कुलूप आमच्या तळमजल्यावरून लागतं आणि तिथूनच निघतं. तोवर इमारतीचा मालक थयथयाट करत असला तरी लिफ्ट जागची हलत नाही. ताईंचं उत्तर मेकॅनिकच्या कानात पडतं, रेकॉर्डरला ते ऐकू येत नाही. त्यामुळे बोलात 'बाहेर आलो' असतं, 'ऐकलं' कधीच नसतं.

या साठ्यावर साहेबांनी एक यंत्रणा बसवली होती. मेकॅनिकने जागेवरून प्रश्न विचारायचा, यंत्रणेने साठ्यातून जवळचे तुकडे शोधायचे आणि त्यांच्या आधारे उत्तर रचून द्यायचं. मेकॅनिक तिला पोपट म्हणत. पोपट बोलायला हुशार होता, पण त्याच्या पुढ्यात भलतेच तुकडे येऊन पडत. एकदा कुणीतरी विचारलं की तिसऱ्या मजल्यावर दार अडकतंय, काय करू. शोधाने एका मेकॅनिकचा जुना बोल वर आणला. तो बिचारा तिसऱ्या मजल्यावरच्या संडासात अडकून दाराला लाखोली वाहत होता. पोपटाने अत्यंत नम्रपणे सल्ला दिला की दाराला खांदा लावा आणि कुणालातरी हाका मारा.

दादाने ते उत्तर घरी जेवताना वाचून दाखवलं. वहिनीला ठसका लागला. मी ताटावरून उठले नाही इतकंच. शोध सुधारण्याचं काम माझं होतं आणि दादासारखी माणसं लोंबत्या दोराखाली उभी राहून त्या उत्तराची वाट बघत होती.

२

मी कामाला लागले. आधी बोल कापायची पद्धत बदलली. लांबलचक बोल अख्खा शोधता येत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात, आणि पूर्वी ते कुठेही कापले जात. वाक्याचं डोकं एका तुकड्यात, धड दुसऱ्यात. मी प्रत्येक तुकड्याला शेपूट ठेवलं. म्हणजे एका तुकड्याच्या शेवटच्या दोन-तीन ओळी पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला पुन्हा येतील, संदर्भ तुटणार नाही. मग शब्द जुळवणारा शोध आणि अर्थ जुळवणारा शोध असे दोन्ही जोडीने लावले. त्यातून जे हाती येईल ते पुन्हा एकदा प्रश्नाशेजारी ठेवून वाचणारा आणि क्रम लावणारा तिसरा टप्पा बसवला.

तुकडा खरंच उपयोगाचा आहे का, हे ठरवायला माणूस लागतो. त्यासाठी मोजपट्टी काका येत. ते निवृत्त सुपरवायझर. सरळ रेघेवर त्यांचं इतकं प्रेम, की चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचे. प्रश्न आणि तुकडा वाचून ते शून्य ते तीन गुण द्यायचे आणि शून्य देताना त्यांचा चेहरा खुलायचा.

एक अडचण उरली होती. 'बाहेर आलो' ही ओळ सगळ्याच बोलांत असल्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले तुकडे शोधाला सख्खे भाऊ वाटत. मी एक गाळणी बसवली. साठ्यात ओळ जिथल्या तिथे, पण शोधताना आणि दाखवताना ती गाळली जाईल. एका खुणेचं काम. खूण केली की ओळ गायब, खूण काढली की परत.

काकांना ते आवडलं नाही. म्हणाले, "मी इतकी वर्षं नोकरी केली ती फक्त ही एक ओळ ऐकायला. बाकीचं नंतरही वाचता येतं."

मी त्यांना समजावलं की काका, ती ओळ काहीच सांगत नाही, सगळीकडे सारखीच आहे. त्यांनी कप पुन्हा सरळ केला आणि विषय सोडून दिला. गाळणीनंतर गुण एकदम वर गेले. साहेब स्वतः खाली येऊन माझी पाठ थोपटून गेले, आणि मीही त्या दिवशी जरा तोऱ्यातच घरी गेले.

३

प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचा पत्ता असतो: कुणाचा बोल, कुठली इमारत, कधीचा. एका सकाळी काकांनी मला हाक मारली आणि विचारलं की याचा पत्ता कुठे आहे.

प्रश्न पैलवानाचा होता. पैलवान म्हणजे दादाचा नेहमीचा जोडीदार, अंगाने इतका बारीक की दोन रेल्सच्या, म्हणजे लिफ्टचा डबा ज्यांवरून सरकतो त्या रुळांच्या, मधून आडवा न होता निघेल. तो वाचनालयाच्या इमारतीत गेला होता आणि त्याने विचारलं होतं की लिफ्ट उतरताना हिसका देते, कशाने. शोधाने पहिल्या नंबरावर एक तुकडा आणला होता. पत्त्याच्या जागी काहीच नव्हतं.

तुकड्यात लिहिलं होतं, "रेलच्या जोडाला ग्रीसमध्ये कबुतराची पिसं अडकलीत. ही बघ, मूठभर निघाली. पाना पडला. पडला तो पडला, माझ्याच बुटावर. डावा अंगठा गेला कामातून."

काकांनी तीन गुण दिले होते. एवढं चपखल उत्तर त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. मी म्हटलं जुना बोल असेल, पत्ता कापताना गळला असेल. पोपटाने पैलवानाला सांगितलं की रेलच्या जोडात पिसं आहेत का बघा, आणि आम्ही जेवायला गेलो.

चहाच्या वेळेला पैलवान ऑफिसात आला तो लंगडत. डाव्या बुटाची नाडी सोडलेली होती. साहेबांनी विचारलं काय रे झालं, तर म्हणाला पाना पडला. मी कपातला चहा तसाच ठेवून वर गेले. त्याचा बोल नुकताच आला होता. मी हेडफोन लावले. श्वासांचा आवाज, धातूवर धातू घासल्याचा आवाज, मग पैलवान म्हणाला, रेलच्या जोडाला ग्रीसमध्ये कबुतराची पिसं अडकलीत. पुढे ठण्ण असं वाजलं, आणि मला माहीत होतं की तो आता काय म्हणणार आहे.

तो तेच म्हणाला. शब्दाला शब्द.

४

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पहिला संशय मी घड्याळावर घेतला. दोन यंत्रांची घड्याळं मागेपुढे असली की असले घोळ होतात. घड्याळं चोख होती. मग वाटलं, बोल अर्धवट आधीच पोचला असेल. पण पैलवानाने प्रश्न विचारला तेव्हा तो वाचनालयाच्या दारात उभा होता, शाफ्टचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. मग वाटलं की पोपटानेच ते रचलं. पण पोपट उत्तर रचतो, तुकडे नाही, आणि उत्तर देण्याआधीच तुकडा येऊन पडला होता. साठ्यात जाऊन हाताने शोधलं, तर तिथे तो तुकडा नव्हता. फक्त प्रश्न विचारला की यायचा, पहिल्या नंबरावर, बिनपत्त्याचा.

मग मी लक्ष ठेवायला लागले. रोज येत नसे. प्रश्न नेमका असला, विचारणाऱ्याने नीट सांगितलं असलं, तरच. मी तुकडा वाचायची आणि हेडफोन लावून बोल यायची वाट बघायची. एका तुकड्यात एकजण मध्येच शिंकला होता आणि स्वतःलाच जपून राहा म्हणाला होता. तासाभराने त्याचा बोल आला आणि तो शिंकला. माझ्या अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर त्यात भीती कमी होती. मोठ्या धरणाच्या भिंतीवरून पहिल्यांदा खाली बघताना कसं वाटतं, तसं वाटायचं. बघू नये असं वाटतं आणि नजर काही हलत नाही. एवढ्याशा खोलीत, कुरकुरणाऱ्या खुर्चीवर बसून मी न झालेली शिंक ऐकत होते. असं काही जगात कुणाच्या वाट्याला आलं असेल असं मला वाटत नाही.

काकांना सांगितलं. वाटलं होतं की ते मला वेड्यात काढतील. 

"तू त्याला काय शोधायला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा बोल."

"मग बरोबर आहे. एखाद्या कामाच्या सगळ्यात जवळचा बोल कुठला? त्याच कामाचा. तू म्हणालीस जवळचा आण. आधीचा आण असं कुठे म्हणालीस?"

मी हसायला गेले आणि मला हसू आलं नाही. ते मी खरोखरच कुठे सांगितलं नव्हतं.

काकांनी मग आणखी एक विचारलं, की एखाद्याला आधीच फोन करून सांगितलं, बाबा पाना सांभाळ, तर काय होईल. मी करून बघितलं नव्हतं. धाडस झालं नव्हतं. सांगूनही पाना पडला तर, असं मनात यायचं आणि फोनकडे गेलेला हात मागे यायचा.

घरी दादाला सांगितलं तेव्हा तो भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला आणि मग म्हणाला की वा, म्हणजे काम करायच्या आधीच बोल तयार, उद्यापासून मी घरीच झोपतो, तू पगार आणून दे. वहिनी म्हणाली की आधी टाकीचा नळ दुरुस्त करा, त्याचा बोल आलाय का बघा. आम्ही खूप हसलो. भांडी घासताना मात्र दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"माझा आला तर मला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "खड्ड्यात उतरताना डोक्यात दुसरं काही नको असतं."

मी बरं म्हणाले. ताट त्याच्या हातात दिलं, त्याने ते पुसून ठेवलं.

५

ती विमा कचेरीची उंच इमारत होती. बाहेरून काच आणि आतून जुनाट. एक लिफ्ट तळमजल्यावर थांबताना चार बोटं खाली उतरत होती आणि लोक ठेचकाळत होते. दादा आणि पैलवान जोडीने गेले. ताईंनी कुलूप लावलं, तसं माझ्या पडद्यावर दिसलं. दादाने तळमजल्यावरूनच प्रश्न विचारला. तो प्रश्न नेहमीच नीट विचारतो, शाळेतही त्याचं उत्तर चुकायचं पण प्रश्न कधी चुकायचा नाही.

पहिल्या नंबरावर तुकडा आला. पत्ता नव्हता.

मी वाचू नये असं ठरवलं होतं, आणि वाचलं.

"खड्ड्यात उतरलो. पाणी नाही, धूळ आहे. बफरची स्प्रिंग ठीक. पैलवान वर मशीनपाशी आहे. दोराला ताण कमी वाटतोय, मोजतो. थांब. दोर थरथरला. पैलवान, हात लावलास का? कुलूप असताना दोर थरथरायला नको. ब्रेक सुटल्याचा आवाज आला. वर डबा हलतोय."

तिथे तुकडा संपला होता.

डोकं सवयीने चालत राहिलं. तुकडा तिथे संपला म्हणजे बोल तिथे संपला असं नाही. तुकडे कापले जातात. पुढचा तुकडा असेल, आणि मी शेपूट ठेवलेलं आहे. पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर याच ओळी असतील. मी 'वर डबा हलतोय' एवढंच लिहून शोधलं. तोच एक तुकडा आला. पुन्हा शोधलं. तोच. पुढचा तुकडा नव्हता. दादाचा बोल तिथेच संपत होता.

आणि मग मला कळलं की मी काय करून ठेवलंय. प्रत्येक बोलाच्या शेवटी एक ओळ असते आणि ती मी गाळलेली होती. 'वर डबा हलतोय' नंतर दादा 'बाहेर आलो' म्हणाला असेल, तरी मला हेच दिसणार होतं. म्हणाला नसेल, तरी हेच. सगळीकडे सारखी असते म्हणून जी ओळ मी फुकटची समजले, तिच्यावाचून आता मला माझ्या भावाचं काय झालं ते कळत नव्हतं.

फोन लावला. रेंजबाहेर. तो उतरला होता. पैलवानाचा फोन लागेना, कुणाशी तरी बोलत होता. मला दादाचं ते वाक्य आठवलं, सांगू नकोस म्हणालेलं. पण ब्रेक सुटतो तो कुलूप निघालं तरच, आणि कुलूप तळमजल्यावरून निघतं, म्हणून मी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरले. आमच्या ऑफिसात लिफ्ट आहे. तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

६

कंट्रोलची खोली लांबट आहे, खिडकी नाही, भिंतीवर प्रत्येक लिफ्टचा एकेक दिवा, कुलूप असेपर्यंत तांबडा. ताई खांदा आणि कान यांच्या मधे फोन धरून विमा कचेरीच्या मॅनेजरची समजूत घालत होत्या की झालंच, सुरू करतेच आहे. त्यांच्यासमोर कुलपाचे दोन खटके असतात. पहिला दाबला की मशीन जागं होतं, ब्रेक एकदा सुटून पुन्हा बसतो आणि डबा बोटभर हलतो. दुसरा दाबला की लिफ्ट चालू लागते. पहिला खटका खाली दाबलेला होता. त्यांचं बोट दुसऱ्यावर होतं.

मी त्यांचा हात धरला. इतका जोरात की त्यांच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर दोन दिवस होता.

"बाहेर आलो कोण म्हणालं?"

"पैलवान. आत्ताच फोन आला होता." त्या चिडल्या होत्या. "सोड की हात."

"तो मशीनच्या खोलीतून बाहेर आलाय. दादा खाली खड्ड्यात आहे."

ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खटक्याकडे. "जोडीने गेलेत ना, म्हणून मला वाटलं..."  आमच्याकडे नियम आहे की जो खाली उतरतो त्यानेच सांगायचं. पण पैलवान काहीतरी आणायला गच्चीवर आला, आणि दार ओलांडलं की फोन लावायचा ही इतक्या वर्षांची सवय. आणि ताईंचीही सवय अशी की ते दोन शब्द कानावर पडले की हात आपोआप खटक्याकडे जातो. यात कुणीही वेगळं काही केलं नव्हतं. ताईंनी पहिला खटका वर केला.  मॅनेजर फोनमधून अजून बोलतच होता, तो त्यांनी ठेवून दिला.

मग दोघी थांबलो. त्या खोलीत एक पंखा आहे, तो फिरताना दर वळणाला एकदा खुट्ट वाजतो. तेवढाच आवाज होता. दिवा तांबडाच होता. डबा नक्की किती हलला होता, ब्रेक नीट बसला होता का, दादा नेमका कुठे उभा होता, यातलं तिथे बसून काहीही कळायला मार्ग नव्हता.

नव्हता कसा? एक मार्ग होता.

ताईंच्या शेजारच्या पडद्यावर मी माझं काम उघडलं. गाळणीची खूण काढली. दादाचा प्रश्न पुन्हा घातला. आता जी ओळ असेल ती दिसणार होती. असेल तर असेल. बिनपत्त्याचा तुकडा पडद्यावर उमटायला लागला, आणि मी तळहात पुढे करून त्याचा खालचा भाग झाकून टाकला.

का झाकला, ते त्या क्षणी शब्दांत सांगता आलं नसतं. आता येतं. ती ओळ तिथे नसती, तर दादा अजून त्या खड्ड्यात जिवंत उभा असतानाच, तो बाहेर येणार नाही हे मला कळलं असतं. आणि ते माहीत असलेली मी एकटीच असते. काच थंड होती. माझ्या बोटांच्या फटीतून उजेड येत होता, अक्षरं असल्यासारखंही वाटत होतं, आणि मी मान वळवून भिंतीवरच्या दिव्याकडे बघत बसले. 

फोन वाजला.

ताईंनी तो उचलला. रिसीव्हर तसाच पुढे धरला. आधी नुसते श्वास ऐकू आले. मग दादा म्हणाला, "बाहेर आलो."

त्याचा आवाज साधा होता. दमलेला, धुळीने बसलेला, बाकी साधा. कंट्रोलने उत्तर द्यायचं असतं, त्याशिवाय माणूस फोन ठेवत नाही. ताई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी तिथेच टेबलावर वाकून रिसीव्हरमध्ये बोलले.

"ऐकलं, दादा."

कंट्रोलच्या फोनवर असं कुणी म्हणत नाही. नुसतं 'ऐकलं' म्हणायचं असतं. पण माझ्या तोंडून ते निघून गेलं. पलीकडून हसल्यासारखा आवाज आला आणि त्याने फोन ठेवला.

माझा जीव भांड्यात पडला. हात अजून काचेवरच होता, हे मी विसरलेच होते. आता बघायला काही हरकत नव्हती, काय असणार ते ठाऊक होतं. मी हात काढला.

'वर डबा हलतोय' च्या खाली दोन-तीन ओळी होत्या, त्या मी पहिल्यांदाच बघत होते. खाली बसलो. बसला ब्रेक. चढतोय. आणि मग ती ओळ, माझी गाळलेली.

बाहेर आलो.

आणि तिच्याखाली आणखी एक ओळ.

ऐकलं, दादा.

७

त्या दिवशी दादाचा खरा बोल रीतसर आला. पत्त्यासकट साठ्यात बसला. मी तो ऐकला, दोनदा. तो 'बाहेर आलो' वर संपतो आणि पुढे रेकॉर्डर बंद केल्याचा आवाज आहे. माझा आवाज त्यात नाही, असायचं कारणही नाही. मधल्या त्या ओळी आधी का दिसल्या नाहीत, हेही मला कळलेलं नाही. मी फक्त शेवटची ओळ गाळली होती.

गाळणी मी कायमची काढून टाकली. गुण खाली आले, साहेबांचं तोंड वाकडं झालं. काकांनी त्या आठवड्यात एकाही तुकड्याला शून्य दिलं नाही आणि मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. कप सरळ ठेवला. पैलवानाने दादासमोर कान पकडले. दादाने त्याला पाठीत एक गुद्दा घातला आणि दोघं कामाला गेले. माझा आला होता का, असं दादाने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्ही दोघं एका घरात वाढलोय, न विचारलेलं आम्हाला कळतं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या प्रश्नाला तो बिनपत्त्याचा तुकडा अजून येतो. माझ्या त्या ओळीशी तो संपतो असं मी त्या खोलीत धरून चालले होते. पण पडद्याच्या उजव्या कडेला जी पट्टी असते, जिच्यावरून खाली अजून किती उरलंय ते कळतं, ती तळाला लागलेली नाही. बरीच वर आहे. माझ्या उत्तराच्या खाली अजून पुष्कळ काही आहे.

मी ते खाली सरकवलेलं नाही.